अठ्ठावन्न टक्के

अहो मावशी, नका हो दाबू ते बटण! चार वेळा दाबलंत आणि चारही वेळा माझाच खिसा वाजला, तरी तुमच्या लक्षात येत नाही म्हणजे कमाल झाली! लाल बटण दाबलं की फोन कुणाला जातो? लिफ्टच्या मेकॅनिकला. या भागातल्या चौऱ्याऐंशी लिफ्टचा मेकॅनिक कोण? मी. आणि मी कुठं आहे? तुमच्या डाव्या हाताला, तांदळाच्या पोत्यावर, पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधोमध! तरी तुमच्या समाधानासाठी घेतो फोन. 'हॅलो, अडकलाय का? घाबरू नका, दाराला हात लावू नका, मी आलोच!' ...झालं? आलो. बरं वाटलं?

हसू नका हो पोस्टमनसाहेब. तुमचं काय, तुम्ही एक पाकीट टाकायला आलात आणि दहा मिनिटांत सुटून जाल. म्हणजे दहा मिनिटांत नाही, पण सुटाल कधीतरी. माझं काय? मला पाच वाजायच्या आत हे सगळं सामान खाली नेऊन, टेम्पोत घालून, मधली खोली झाडून पुसून तयार ठेवायची होती. आता वाजले किती? पावणेचार. आणि खोलीतलं शेवटचं सामान कुठं आहे? आपल्या सगळ्यांच्या पायांत आहे!

बसा, डॉक्टरीणबाई, तुमच्या दातांच्या दवाखान्यातली खुर्ची नाही, पण त्या पेटीवर बसा. साबण आहेत. एकशेचाळीस वड्या. मजबूत असते पेटी, काही होत नाही.

काय म्हणालात मावशी? दोर? दोर तुटेल का? तुम्हाला सांगतो, अठरा वर्षं हेच काम करतोय, अडकलेला प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारतो. दोर तुटेल का हो? लहान मूल विचारतं, बँकेचा मॅनेजर विचारतो, एकदा तर एका नवरदेवानं विचारलं होतं, हार घालून. अहो, दोर तुटत नाही! एक तुटला तर बाकीचे तीन असतात. अठरा वर्षांत मी तुटलेला दोर बघितला नाही. मग होतं काय? अडकतं! धूळ बसते, खटका चिकटतो, कुणाची तरी चप्पल फटीत जाते, की बसलं ठप्प. हेच मी आमच्या सासऱ्यांना सात वर्षं सांगतोय. म्हटलं, बाबा, जग कोसळत नाही हो, जग अडकतं! पण ऐकतील तर शपथ.

सासरे म्हणजे तेच हो, सहाव्या मजल्यावरचे टक्केवाले आजोबा. हां, तेच, गॅलरीत कॅलेंडर घेऊन उभे असतात ते. त्यांनी चौतीस वर्षं विमा कंपनीत जोखीम काढली. म्हणजे कुठली गिरणी किती टक्के जळेल, कुठलं जहाज किती टक्के बुडेल, कुणाचं छप्पर उडेल, हे खुर्चीत बसून सांगायचे. निवृत्त झाले, आमच्याकडे राहायला आले आणि आता गिरण्या नाहीत, जहाजं नाहीत, तर माणूस करणार काय? सगळ्या जगाचीच जोखीम काढायला घेतली! रोज सकाळी चहाच्या कपाबरोबर आकडा. 'जावईबापू, आज एकेचाळीस.' एकेचाळीस काय बाबा? 'सगळं कोसळण्याची शक्यता. कालच्यापेक्षा दोननं वर.' आणि मी तोंडात घास घेऊन बसलेलो, माणसानं यावर बोलायचं काय हो? अभिनंदन?

आणि आकडा येतो कुठून माहितीये? दूधवाला वीस मिनिटं उशिरा आला, एक टक्का. रस्त्यावरचा दिवा भर दुपारी चालू राहिला, एक टक्का. समोरच्यांनी कुत्रा पाळला, दीड! म्हटलं बाबा, कुत्र्याचा काय संबंध? तर कसे, अगदी शांतपणे, चष्मा पुसत, 'जावईबापू, माणूस कुत्रा कधी पाळतो? शेजाऱ्यावरचा विश्वास उडाला की पाळतो.' आता तो कुत्रा एवढुसा, टाचेएवढा, मांजराला बघून सोफ्याखाली जातो. पण दीड टक्का म्हणजे दीड टक्का. कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिला गेला.

बरं, नुसते आकडे असते तर मी चालवून घेतलं असतं. घरात म्हातारं माणूस आहे, कुणी खोकतं, कुणी आकडे सांगतं. पण आकड्याबरोबर तयारी आली! एक दिवस घरी आलो तर दारात तांदळाची चार पोती. दुसऱ्या दिवशी डाळ. मग पाण्याचे कॅन, मग मेणबत्त्या, काड्यापेट्या, साबण, मीठ, डब्यातला मटार, डब्यातले मासे. मासे आमच्या घरात कुणी खात नाही! 'कठीण काळात खाल,' म्हणे. मधली खोली भरली. मग पलंगाखाली भरलं. मग पलंगच काढला आणि पेट्या रचून त्यावर गादी टाकली. मी दोन वर्षं मटारवर झोपतोय, मंडळी. खिडकी होती आमच्या घराला, पूर्वेची, छान ऊन यायचं. आता तिथं मिठाचा डोंगर आहे. बाहेर ऊन आहे का पाऊस ते मला खाली उतरल्यावर कळतं.

पण एवढ्यावर थांबले असते तरीही चाललं असतं! खरी गंमत पुढं आहे. त्यांनी नियम केला. विम्यातला माणूस, नियमाशिवाय श्वास घेत नाही. भिंतीवर कागद लावला, ठळक अक्षरात. साठ टक्के झाल्याशिवाय साठ्याला हात लावायचा नाही. कुणीही. कशासाठीही. का, तर उगाच घाबरून आधीच खाऊन बसलो आणि खरी वेळ नंतर आली तर? एकदा घरातलं मीठ संपलं. समोर नव्वद किलो मीठ! हिनं पाकिटाला हात लावला तर आतून आवाज, 'ही ती वेळ नव्हे!' गेलो मी, सहा मजले उतरून मीठ आणलं. आंघोळीचा साबण संपला, एकशेचाळीस वड्या समोर, 'ही ती वेळ नव्हे!' आंघोळ पाण्यानं.

आणि तुम्हाला तो गेल्या वर्षीचा घोळ आठवतो ना? चार दिवस वीज नव्हती, पाण्याची मोठी नळी फुटली होती, दुकानं बंद, लिफ्ट बंद... मावशी, तुम्ही पाचव्या मजल्यावर बादल्या चढवत होतात, मी हात दिला होता, आठवतंय? मी आतून खूश! देवाशपथ सांगतो, सगळी इमारत रडत होती आणि मी जिन्यात शीळ घालत होतो. म्हटलं आली एकदाची वेळ! आता फोडायचे कॅन, उघडायचे डबे, खोली रिकामी! वर गेलो, म्हटलं, बाबा, किती? बाबांनी कॅलेंडर बघितलं, बोटं मोजली, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, 'अठ्ठावन्न.'

अठ्ठावन्न! दोन टक्के कमी! 'बाबा, अहो नळाला पाणी नाही, घरात अंधार आहे, अजून काय व्हायला हवं?' तर म्हणतात, 'वीजवाले खांबावर चढलेले दिसले मला. माणसं अजून कामावर येतायत, जावईबापू. ही ती वेळ नव्हे!' आणि मग काय झालं ते मावशींना माहितीये. घरात सहाशे लिटर पाणी, आणि मी मावशींच्या दारात बादली घेऊन उभा! हो की नाही? मावशींनी अर्धी बादली दिली, वर विचारलं, 'तुमच्याकडे काहीच भरून ठेवलं नव्हतं का हो?' काय सांगू? मी मान खाली घालून 'नाही' म्हणालो. आज खरं सांगतो, माफ करा मला. होतं. तुमच्या गुडघ्याला टेकलंय ना, त्यातलंच एक होतं.

ही त्यानंतर बोलेनाशी झाली. ही म्हणजे बायको. रागावणारी बाई परवडली हो, गप्प बसणारी परवडत नाही. मग तीन आठवड्यांपूर्वी मिठाचा डोंगर घसरला, तिच्या पायावर आला, अंगठा काळानिळा, आणि बाबा धावत आले. आधी कुठं बघितलं? पाकिटं फुटली का ते बघितलं! तिनं बॅग भरली आणि बहिणीकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, 'मधली खोली रिकामी झाली तर परत येईन. नाहीतर तुम्ही दोघं बसा मटार मोजत.' म्हणजे बघा, जगात सासऱ्याच्या तक्रारी करणारे पुष्कळ असतील, पण स्वतःचे वडील नवऱ्याकडे ठेवून रुसून जाणारी बायको माझीच!

तुम्ही म्हणाल, टाकून का नाही देत सगळं? सोपं आहे बोलायला. डॉक्टरीणबाई, तुम्हाला कळेल म्हणून सांगतो. सासूबाईंचं ऑपरेशन होतं, साधंच. डॉक्टर म्हणाले, धोका चार टक्के. आता ज्या माणसानं जन्मभर चार टक्क्यांना हसत सही केली, तो घाबरेल कशाला? मजेत होते. बाहेर बाकावर बसून मला गिरणीचा कुठला तरी किस्सा सांगत होते. किस्सा पुरा व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आले... चारच टक्के होते हो. त्या दिवशी त्यांनी मला एकच विचारलं, 'चारात आपण कसे आलो, जावईबापू?' म्हणून मी मटारवर झोपतो आणि गप्प बसतो. वाईट वाटतं हो मला त्यांचं, खरंच वाटतं, पण पाठसुद्धा दुखते.

तर काल हिचा फोन आला. उद्या पाचला येते, खोली बघते, मग ठरवते. माझी आज सुट्टी. बाबा दुपारी दीड ते साडेचार झोपतात, घड्याळ लावल्यासारखे. ठरवलं, की आज सगळं उतरवायचं! खाली टेम्पो उभा केला, वृद्धाश्रमाला फोन केला, ते घ्यायला तयार, मासेसुद्धा. सात फेऱ्या झाल्या. ही आठवी. थोडंच राहिलं होतं म्हणून सगळं एकदम कोंबलं, आठ कॅन, दोन पोती, साबण, डबे. आणि पाचव्या मजल्यावर दार उघडलं तर मावशी! त्यांच्या मागं तुम्ही, डॉक्टरीणबाई. चौथ्यावर पोस्टमनसाहेब. मी काय म्हणालो? 'या, या, जागा आहे!' जिभेला हाड नाही माझ्या! लिफ्टमध्ये स्वतःच्या हातानं पाटी लावली मी, ती बघा, तुमच्या डोक्यावर, 'सहा माणसं.' आपण माणसं चारच आहोत म्हणा. पण हे बाकीचं वजनात धरलं तर आपण जवळजवळ अकरा जण आहोत!

भोंगा? हो, जास्त वजन झालं की भोंगा वाजतो. वाजायला हवा. पण त्याची तार... आता तुमच्यापासून काय लपवायचं... त्याची तार मीच काढून ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी. बाबा रोज माल वर आणायचे, रोज भोंगा, रोज तुम्ही सगळे तक्रार करायचात, आणि तक्रारीचा फोन कुणाला? मला! कंटाळून काढली. म्हणून म्हणतो, अग्निशामकवाल्यांना बोलवू नका हो मावशी. ते येतील, दार कापतील आणि पहिला प्रश्न विचारतील, भोंगा का वाजला नाही? नोकरी जाईल माझी. आतून दार उघडतं का म्हणता? उघडायचं. मुलं ओढायची म्हणून गेल्या वर्षी वर एक जादा खटका बसवला, बाहेरूनच सुटतो, तिकोनी चावीनं. कुणी बसवला, विचारू नका.

चावी! हां, आता तुम्ही मुद्द्याचं बोललात पोस्टमनसाहेब. चाव्यांचे दोन जुडगे आहेत, दोन्हीत ही तिकोनी चावी आणि गच्चीवरच्या मशिनरूमची चावी. एक कंपनीचा, तो सुट्टीच्या दिवशी जोडीदाराकडे असतो, आणि जोडीदार शहराच्या त्या टोकाला एका इस्पितळाच्या लिफ्टमध्ये आहे. साडेसहाच्या आत येत नाही. दुसरा जुडगा माझ्या घरी, दाराच्या मागं खिळ्याला होता. होता! बाबांनी एकदा बघितला, विचारलं, 'हे काय?' मी बापडा सांगून बसलो, आणीबाणीत लागतो. संपलं! त्यांची एक लाल पेटी आहे, आणीबाणीची, तिच्यात गेला. आणि लाल पेटी कधी उघडते? बोला, बोला, सगळ्यांनी बोला! बरोब्बर. साठ टक्क्यांना.

थांबा, लावतो फोन, झोपमोड तर झोपमोड. ...बाबा? हो, मी. अहो, मी लिफ्टमध्ये अडकलोय. नाही, दुरुस्त करत नाहीये, आत आहे, आत! लाल पेटीतला जुडगा घेऊन तिसऱ्या मजल्यावर या. हॅलो? ...येतायत म्हणाले. सुटलो! म्हटलं नव्हतं, माणूस वाईट नाही!

आले बघा. काचेच्या पट्टीतून वर बघा, चपला दिसतायत? तपकिरी? बाबांच्याच. आपण खाली अडकलोय ना, त्यामुळं इथून चपलाच दिसणार. बाबा! आणला का जुडगा?

'कॅलेंडर आणलंय.'

ऐकलंत? कॅलेंडर आणलंय!

'जावईबापू, सकाळी अठ्ठावन्न होते. लिफ्ट अडकणं हे माझ्या तक्त्यात आधीच धरलेलं आहे. दर महिन्याला एकदा.' अहो पण बाबा, माझ्याबरोबर आणखी तीन माणसं आहेत, मावशींना घाम फुटलाय! 'त्यांना सांगा, लांब श्वास घ्या. ही ती वेळ नव्हे!'

आता काय करू? थांबा... थांबा, एक सुचलंय. दोनच टक्के हवेत ना? मग मी देतो दोन टक्के! सांगून टाकतो खरं. घरातलाच माणूस फितूर निघाला म्हणजे कुत्र्यापेक्षा तर जास्त धरतील! बाबा, ऐका, मी कबूल करतो. तुमचा साठा मी चोरून खाली नेत होतो. सगळा. सात फेऱ्या झाल्या, मधली खोली रिकामी आहे. तुम्ही झोपल्यावर विश्वासघात केला मी तुमचा! ...चपला हलत नाहीत. बाबा?

'ते धरलंय.'

काय?

'लेकीनं अट घातली तेव्हाच धरलं. जावई माल काढेल, सहा टक्के. अठ्ठावन्नात ते सहा आहेतच, जावईबापू.'

म्हणजे माझी चोरीसुद्धा आधीच हिशेबात होती! तुम्हाला सांगतो, माणसाला नुसतं लिफ्टमध्येच अडकता येतं असं नाही. आणि माहीत असून झोपून राहिले? का हो झोपलात बाबा, मग अडवलं का नाही? ...काय म्हणाले? हळू बोलतायत. 'तिनं यावं असं मलाही वाटत होतं.' ऐकलंत ना? आणि यावर मी रागवायचं कसं, सांगा!

मावशी, बटण नका दाबू. रडू येतंय तर रडा, पण बटण नको.

श्श... ऐका. जिन्यात पाऊल वाजतंय. हे पाऊल मी ओळखतो, एका पायावर जरा हळू पडतंय, अंगठा दुखतोय अजून. ही आली! पाचला येणार होती, आत्ताच आली! बघा, काचेत, चपलांच्या शेजारी सॅंडल आणि बॅग. अगं! मी इथं आहे, खाली, आत! खोली रिकामी आहे, फक्त एवढी एक फेरी राहिली, ती माझ्याबरोबर अडकलीय. बाबांकडे जुडगा आहे, ते देत नाहीत, अठ्ठावन्न म्हणतात!

'बाबा, पेटी उघडा.'

'दोन कमी आहेत बाळ.'

'बाबा, आत माणसं आहेत.'

'ही ती वेळ नव्हे.'

अरे देवा... बॅग उचलली. सॅंडल फिरले. अगं थांब! 'मी चालले. कायमची. माझ्या नवऱ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा तुम्हाला तो कागद मोठा आहे ना बाबा, मग कागदाबरोबरच राहा. मी परत येणार नाही.' अगं, असं नको ना बोलू, चारचौघांत... लिफ्टमध्ये...

पेन्सिल. ऐकू येतेय? पेन्सिलीचा आवाज येतोय. बाबा लिहितायत.

'लेक कायमची घर सोडून गेली. हे धरलं नव्हतं.' ...आवाज कसा झालाय त्यांचा. '...दोन. साठ झाले.'

साठ! मंडळी, साठ झाले! बायको गेली आणि आपण सुटलो! म्हणजे, मला नाचावं का रडावं कळत नाहीये, पण साठ झाले! बाबा वर गेले, पेटी उघडायला. मावशी, फोडा तो कॅन, हो हो, सील काढा, नियमात बसतं आता! डॉक्टरीणबाई, तुमच्याकडे पेला आहे? डबीचं झाकण चालेल. दोन वर्षांनी आमच्या घरचं पाणी कुणीतरी पिणार! अगं, ए, तू आहेस का अजून तिथं? आहे, सॅंडल आहेत. जाते म्हणाली पण गेली नाही बघा, तिसऱ्या मजल्यावरच उभी आहे. बाबांना या वयात हातानं ब्रेक सोडून लिफ्ट उतरवणं झेपायचं नाही, तू जातेस का गच्चीवर, मशिनरूमला? मी सांगतो कसं...

'माहितीये मला. पंधरा वर्षं जेवताना फोनवर हेच ऐकतेय. आधी मेन बंद. मग ब्रेकचा दांडा. भरलेली लिफ्ट आहे, आपोआप उतरेल, थोडं सोडायचं, थोडं धरायचं. दुसऱ्या मजल्यावर लेव्हलला आणते.'

ऐकलंत? मला माहीतच नव्हतं हो, ती ऐकत असते. मला वाटायचं, जेवताना फोन घेतो म्हणून चिडून गप्प बसते. ...आले बाबा. मशिनरूमची चावी तिला दिली, तिकोनी चावी घेऊन स्वतः दुसऱ्या मजल्यावर उतरतायत. बॅग कुठंय? बॅग त्यांच्याच हातात देऊन गेली गच्चीवर. धरा मंडळी, कडेला धरा, दिवा जाईल, घाबरू नका. गेला. सोड! ...हाललो. धर! सोड... धर... असंच, असंच. किती अलगद उतरवतेय बघा! माझा जोडीदार सोडतो तर दात वाजतात, डॉक्टरीणबाई, तुम्हाला गिऱ्हाईक मिळेल. सोड... बोटभर... धर! लेव्हल! बरोबर लेव्हल! आणि हे बघा काचेत, पूर्ण बाबा! एका हातात चावी, एका हातात बॅग, काखेत कॅलेंडर. बाबा, वर डाव्या कोपऱ्यात भोक आहे, चावी घाला आणि फिरवा!

वरून हाक आली? आली. पोकळीतून ऐकू येतं स्पष्ट. 'आलं का लेव्हलला? बरं! बाबा, ती बॅग वर घरात नेऊन ठेवा. मी चहा टाकते सगळ्यांना!'

चहा टाकते म्हणाली! ऐकलंत का तुम्ही? घरात! बॅग घरात ठेवा म्हणाली! राहणार ती! मावशी, राहणार! अहो टाळ्या काय वाजवताय पोस्टमनसाहेब, वाजवा, वाजवा! बाबा, ऐकलंत ना, फिरवा चावी, मला वर जाऊ दे... बाबा?

बाबा हसतायत. सात वर्षांत हसताना बघितलं नव्हतं हो मी त्यांना. डोळे पुसतायत. बॅग खाली ठेवली. चावी... चावी खिशात का ठेवतायत? खिशातून काय काढलं ते? ...खोडरबर.

'लेक परत आली, जावईबापू! दोन वजा. अठ्ठावन्न!'

बाबा, अहो, चावी! आधी चावी, मग खोडा! बाबा, हातभर अंतर आहे, एकदा फिरवायची आहे फक्त! ...चालले. जिना चढतायत. बॅग घेऊन. शीळ घालतायत, मंडळी, जिन्यात शीळ घालतायत!

हाक मारू म्हणता तिला? मारली तर काय होईल, विचार करा. ती येणार, बाबांशी भांडणार, पुन्हा बॅग उचलणार. लगेच साठ, दार उघडं, मी मोकळा आणि ती गेलेली. नको. वर चहा होतोय. तीन आठवड्यांनी माझ्या घरात चहा होतोय, मला दिसत नाही, मिळणारही नाही, पण होतोय. जोडीदार साडेसहाला येईलच. बसा सगळे आपापल्या जागी. आणि मावशी, तो कॅन... तोंडाला लावलात का? नाही ना अजून?

लावा बूच. ही ती वेळ नव्हे.